घरच्या लॅपटॉपसाठी कोणता अँटिव्हायरस घ्यावा?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. घरात २०१८ साली घेतलेला एक लॅपटॉप आहे. त्यात इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. वडील त्यावर बँकेचे आणि शेअरचे व्यवहार पाहतात, पत्नी शिक्षिका असल्यामुळे प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रके पेनड्राइव्हवरून शाळेत नेतात आणतात, आणि अकरावीतला मुलगा गेम उतरवतो. लॅपटॉपबरोबर आलेल्या अँटिव्हायरसची मुदत केव्हाच संपली असून त्याची सूचना रोज पडद्यावर येते. दुकानदार तीन वर्षांचे ‘टोटल सिक्युरिटी’ घ्या म्हणतात, कार्यालयातले सहकारी ‘विंडोजबरोबरच येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस पुरेसा आहे’ म्हणतात, तर भाच्याचा सल्ला दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवण्याचा आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण एका अटीवर, आणि ती अट आपला लॅपटॉप बहुधा आज पूर्ण करत नाही. विंडोजला नियमित सुरक्षा अपडेट मिळत असतील आणि डिफेंडर खरोखर काम करत असेल, तर सर्वसाधारण घरासाठी वेगळा अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज मला वाटत नाही. मी घरांतल्या आणि छोट्या कार्यालयांतल्या संगणकांची देखभाल करतो. बिघडून आलेल्या यंत्रांत अँटिव्हायरस अजिबात नव्हता, असे फार क्वचित दिसते. बहुतेक वेळा तो असतो, पण त्याची मुदत संपलेली असते, किंवा एखादा गेम चालावा म्हणून कोणीतरी तो बंद केलेला असतो, किंवा ज्या वाटेने नुकसान झाले त्या वाटेवर त्याचा पहाराच नसतो. म्हणून कोणत्या कंपनीचा घ्यावा याआधी आपल्या घरात धोका नेमका कुठून येऊ शकतो, ते पाहिले पाहिजे. आपल्या घरी तीन माणसे तीन वेगवेगळ्या प्रकारे लॅपटॉप वापरतात, त्यामुळे उत्तरही तीन भागांत विभागले जाते. त्याआधी डिफेंडर आणि विंडोज १० यांविषयी लिहितो.

डिफेंडरबद्दलची शंका निराधार नाही, ती केवळ जुनी आहे. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये ‘सिक्युरिटी एसेन्शियल्स’ नावाचा मोफत अँटिव्हायरस दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा विंडोजचाच भाग झाला. त्या काळात स्वतंत्र चाचण्यांमध्ये तो बराच मागे असे आणि ‘फुकटचा आहे, काही कामाचा नाही’ हे मत तेव्हापासून लोकांच्या मनात बसले. आता परिस्थिती वेगळी आहे. जर्मनीतील माग्देबुर्ग येथील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन प्रयोगशाळा वर्षभर अशा सॉफ्टवेअरची तुलना करून निकाल सर्वांसाठी खुले ठेवतात. एव्ही-टेस्टच्या गेल्या काही वर्षांच्या चाचण्यांत डिफेंडर सातत्याने पैसे मोजून घ्यायच्या नामांकित उत्पादनांच्या पंक्तीत बसलेला दिसतो. वरच्या पाच-सहा उत्पादनांमधला फरक इतका थोडा असतो, की तेवढ्यावरून घरासाठी निवड करण्यात अर्थ नाही.

एक उणीव मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. डिफेंडरची बरीचशी ओळखशक्ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर अवलंबून असते. इंटरनेट चालू असताना तो संशयास्पद फाइलची तिथे चौकशी करतो, पण जोडणी नसताना त्याची अचूकता लक्षणीय घटते, आणि एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या चाचण्यांत हा फरक स्पष्ट दिसतो. लॅपटॉप दिवसभर घरच्या वायफायवर असेल तर याने काही बिघडत नाही. तो इंटरनेट नसलेल्या शाळेत नेऊन तिथे दहा जणांचे पेनड्राइव्ह लावले जात असतील, तर मात्र बिघडते.

आता विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने त्याची सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. गोंधळ असा होतो की विंडोज १० वरील डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख पुरवणारी अपडेट २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत मिळत राहणार आहेत, त्यामुळे ‘विंडोज सिक्युरिटी’ या विंडोजच्या सुरक्षेच्या ॲपमध्ये हिरवी खूण दिसत राहते आणि घरच्या माणसांना सर्व ठीक असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ही दोन अपडेट निराळी आहेत. एक व्हायरस ओळखायला शिकवते, तर दुसरे खुद्द विंडोजमध्ये सापडलेली भगदाडे बुजवते. भगदाड उघडे राहिले तर बाहेरचा प्रोग्रॅम अँटिव्हायरसच्या नजरेआड, विंडोजचेच अधिकार वापरून आत येऊ शकतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक गाठले. तो ज्या भगदाडातून शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिलेले होते. ज्यांनी दोन महिन्यांत ते घेतले होते, त्यांच्या संगणकांत त्याला त्या वाटेने शिरता आले नाही. विंडोजला अपडेट मिळत नसतील तर कोणत्याही कंपनीचे टोटल सिक्युरिटी ही उणीव पूर्ण भरून काढू शकत नाही, आणि विक्रेत्याने तसे सांगितले तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

सुदैवाने आपल्या लॅपटॉपला यातून वाट आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. म्हणजे आपले यंत्र सीमेवर का होईना, बसते. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवून खात्री करून घ्या. त्यात टीपीएम नाही असे आले, तर तो बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असण्याचीच शक्यता अधिक असते, आणि तो तिथून सुरू करता येतो. मूळ परवान्याच्या विंडोज १० वरून ११ वर जाण्यास पैसे पडत नाहीत. कागदोपत्री ४ जीबी रॅम चालत असली, तरी फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम यांवर विंडोज ११ रखडत चालते. म्हणून तीन वर्षांच्या पॅकेजसाठी काढून ठेवलेले पैसे एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि जादा रॅमकडे वळवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लॅपटॉप संथ असला की त्याचे परिणाम सुरक्षेवर होतातच. सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागतात म्हणून लोक अपडेट पुढे ढकलतात आणि स्कॅन मध्येच थांबवतात.

मुलाच्या वापराविषयी सविस्तर लिहितो, कारण घरच्या संगणकांतले सर्वांत मोठे नुकसान मी याच वाटेने होताना पाहिले आहे. विकतचा गेम फुकट मिळवण्यासाठी क्रॅक, गेममध्ये जिंकण्यासाठी चीट, आणि विंडोज किंवा ऑफिस ॲक्टिव्हेट करण्यासाठी ॲक्टिव्हेटर, या तिन्हींची शोधयात्रा बहुधा एखाद्या व्हिडिओच्या खाली दिलेल्या लिंकवर संपते. तिथून उतरलेली झिप फाइल पासवर्ड लावलेली असते आणि तो पासवर्डही बाजूलाच लिहिलेला असतो. पासवर्ड लावण्याचे कारण एवढेच, की ब्राउझरला आणि अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये. पुढची सूचना असते, ‘अँटिव्हायरस चुकीचा इशारा देतो, तेव्हा आधी तो बंद करा.’ मुलगा सांगितल्याप्रमाणे करतो, गेमही कदाचित चालतो, आणि त्यामुळे कोणाला शंका येत नाही.

अशा यंत्रावर मी सर्वप्रथम एकच जागा उघडतो, ती आपणही आजच उघडावी. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, त्यात ‘मॅनेज सेटिंग्ज’, आणि पानाच्या तळाशी ‘एक्सक्लूजन्स’. डिफेंडरने ज्या फाइल आणि फोल्डर तपासायचे नाहीत, त्यांची ही यादी असते. घरच्या संगणकावर ती सहसा रिकामी असायला हवी. कित्येकदा तिथे पूर्ण सी ड्राइव्ह नोंदवलेला सापडतो. म्हणजे डिफेंडर चालू, खूण हिरवी, अपडेट ताजी, आणि तपासणी मात्र शून्य. ही नोंद कधी ॲक्टिव्हेटर स्वतः करतो, कधी विंडोज टाकून देणारा तंत्रज्ञ करतो. ती काढून टाका, त्याच पानावरचे ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ (डिफेंडरच्या सेटिंग्ज इतर प्रोग्रॅमना बदलू न देणारी सोय) चालू आहे का ते पाहा, आणि मग ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. या स्कॅनमध्ये लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उभे राहण्याच्या आत तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रॅमला तिला रोखण्याची संधी मिळत नाही.

क्रॅकमधून येणारे प्रोग्रॅम मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार माहिती चोरणाऱ्यांचा. ते ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकी काही मिनिटांत उचलून बाहेर पाठवतात. कुकी चोरीला गेली की चोराला पासवर्ड किंवा ओटीपी न लागताही खात्यात शिरता येते, हे अनेकांना माहीत नसते. या प्रकारातल्या ‘लुमा’ नावाच्या प्रोग्रॅमविरुद्ध मायक्रोसॉफ्ट आणि निरनिराळ्या देशांच्या तपासयंत्रणांनी मे २०२५ मध्ये कारवाई केली, तेव्हा त्याआधीच्या दोनच महिन्यांत त्याने जगभरातले ३ लाख ९४ हजार विंडोज संगणक गाठल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते. दुसरा प्रकार खंडणीखोरांचा. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखले जाणारे कुटुंब खास घरगुती वापरकर्त्यांना लक्ष्य करते आणि क्रॅकमधूनच पसरते. फोटो, निकालपत्रके, हिशेब, सारे कुलूपबंद होते आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी उरते. युरोपोल आणि काही सुरक्षा कंपन्यांच्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाच्या संकेतस्थळावर काही कुलुपांच्या मोफत किल्ल्या मिळतात, पण नव्या आवृत्त्यांसाठी त्यांचा उपयोग होईलच असे नाही. कुटुंबाचे वर्षानुवर्षांचे फोटो असे गेल्यावर त्या घरातल्या माणसांना समजावणे फार अवघड असते, म्हणून हे आग्रहाने लिहीत आहे.

यावर उपाय मुलाला रागावणे हा नव्हे. लॅपटॉपवर त्याला ‘स्टँडर्ड’ प्रकारचे वेगळे खाते करून द्या आणि ॲडमिन खात्याचा पासवर्ड आपल्याकडे ठेवा. त्यामुळे डिफेंडर बंद करणे किंवा पूर्ण यंत्रात काही बसवणे त्याला आपल्या संमतीशिवाय जमणार नाही, आणि त्याच्या खात्यात काही घुसले तरी वडिलांच्या खात्यापर्यंत पोहोचणे अवघड होईल. वडिलांचे आणि त्याचे खाते एकच असू नये, हे तर अगदी पहिले. गेमसाठी स्टीम किंवा एपिक यांसारख्या अधिकृत दुकानांत मोफत आणि सवलतीतले गेम भरपूर मिळतात. ते त्याच्याबरोबर बसून पाहिलेत तर क्रॅकचा मोह बराच कमी होतो.

आपल्या पत्नींच्या पेनड्राइव्हचा प्रश्न महाराष्ट्रातल्या शाळांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत रोज दिसणारा आहे. पेनड्राइव्ह लावल्यावर आपल्या फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसतात, त्यांच्या कोपऱ्यात लहानसा बाण असतो. मूळ फोल्डर तिथेच असतात, पण त्यांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा दोन्ही खुणा लावून दडवलेले असते. शॉर्टकटवर दोनदा क्लिक केले की आधी व्हायरस चालतो आणि लगेच खरे फोल्डरही उघडते, त्यामुळे वापरणाऱ्याला काही घडल्याचे कळत नाही. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच व्हायरस आपोआप चालत असे. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये जुन्या विंडोजमध्येही ती सोय बंद केली, म्हणून आता त्याला आपल्या क्लिकची गरज लागते, आणि नेमकी तीच सवय आपल्याला बदलता येते.

डिफेंडरचे ‘फुल स्कॅन’ पेनड्राइव्हची तपासणी मुळातच करत नाही, तशी सोय मुद्दाम चालू करावी लागते. म्हणून बाहेरून आलेला पेनड्राइव्ह उघडण्याआधी ‘धिस पीसी’मध्ये त्यावर उजवे क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ निवडावे. विंडोज ११ मध्ये हा पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’मध्ये दडलेला असू शकतो. शॉर्टकट दिसले तर पेनड्राइव्ह घाईने फॉरमॅट मारू नये, कारण फाइल आतच असतात. आधी स्कॅन करावे, मग कमांड प्रॉम्प्टमधल्या ‘ॲट्रिब’ या आज्ञेने त्या दोन खुणा काढल्या की फोल्डर पुन्हा दिसू लागतात. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करणेही उपयोगी पडते, कारण त्यामुळे पीडीएफचे चित्र लावून आलेली फाइल प्रत्यक्षात ‘ईएक्सई’, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम आहे, हे नावाच्या शेवटीच दिसते. प्रिंट काढायची असेल तर दुकानात पेनड्राइव्ह देण्याऐवजी फाइल ईमेलने पाठवावी, किंवा केवळ प्रिंटसाठी एक लहान पेनड्राइव्ह वेगळा ठेवून त्यात दुसरे काहीच ठेवू नये.

वडिलांच्या बाबतीत अँटिव्हायरसचा उपयोग सर्वांत कमी आहे. ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी खिडकी ब्राउझरमध्ये उघडते, फोन केल्यावर पलीकडचा माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर असा दुरून संगणक हाताळू देणारा प्रोग्रॅम घ्यायला सांगतो आणि आपल्या डोळ्यांदेखत बँकेचे पान उघडतो. हे प्रोग्रॅम मुळात कामाचे आणि कायदेशीर आहेत, त्यामुळे अँटिव्हायरस त्यांना अडवतोच असे नाही. वडिलांना एवढेच सांगून ठेवावे, की मायक्रोसॉफ्ट, बँक किंवा अँटिव्हायरस कंपनी कधीही पडद्यावर फोन क्रमांक देऊन फोन करायला सांगत नाही. अशा खिडक्या बहुतेकदा ब्राउझरमधल्या ‘नोटिफिकेशन’ परवानगीतून येतात. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये त्या परवानग्यांची यादी उघडून अनोळखी संकेतस्थळे काढून टाकली, की रोजचा त्रास पुष्कळसा संपतो. आपल्याकडे येणारी नूतनीकरणाची सूचना तरी खरोखर त्या अँटिव्हायरसचीच आहे की अशाच एखाद्या संकेतस्थळाची, तेही पाहून घ्या. बँकेचे व्यवहार वडील फोनवरूनही करत असतील, तर व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचे चलान म्हणून येणाऱ्या एपीके (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणाऱ्या) फाइलपासून त्यांना सावध करा. तिथे लॅपटॉपवरचे कोणतेही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही.

दुर्दैवाने पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा आणि बँकेला लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते. वेळेचे महत्त्व त्यासाठी आहे. दरम्यान पासवर्ड बदलायचे असतील तर ते त्याच लॅपटॉपवरून न बदलता दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून बदलावेत.

एवढे सारे करूनही विकतचा अँटिव्हायरस घ्यावा का? काही परिस्थितींत मी स्वतःहून तो सुचवतो. लॅपटॉप बराच वेळ इंटरनेटविना आणि अनेकांच्या पेनड्राइव्हच्या सहवासात राहत असेल, घरातल्या सेटिंग्जकडे लक्ष देणारे कोणीच नसेल आणि अडचण आल्यावर फोनवर बोलणारा माणूस हवा असेल, किंवा चार-पाच यंत्रे आणि फोन एकाच ठिकाणाहून सांभाळायचे असतील, तर पैसे देणे योग्य ठरते. आपल्या पत्नी लॅपटॉपच शाळेत नेत असतील आणि तिथे नेट नसेल, तर आपण पहिल्या गटात मोडता. केवळ पेनड्राइव्ह जात येत असेल, तर मोडत नाही.

निवडताना नावापेक्षा पुढील गोष्टी पाहाव्यात. वर सांगितलेल्या दोन प्रयोगशाळांच्या ताज्या अहवालांत ते उत्पादन आहे का, आणि एकाच नव्हे तर लागोपाठच्या काही अहवालांत त्याची कामगिरी स्थिर आहे का, हे पहिले. चुकीचे इशारे किती येतात हा स्तंभ लोक वाचत नाहीत, पण तो महत्त्वाचा आहे. सतत खोटे इशारे देणाऱ्या अँटिव्हायरसला घरातली माणसे शेवटी बंदच करतात. त्यानंतर ‘परफॉर्मन्स’चा निकाल पाहावा, कारण ४ जीबीच्या यंत्रावर जड पॅकेज टाकले तर ते वापरणेच नको होते. बिटडिफेंडर आणि ईसेट यांची कामगिरी अनेक वर्षे चांगली राहिली आहे. भारतीय कंपन्यांत चेन्नईची के७ आणि पुण्याची क्विक हील आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलाश काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी उभी केलेली क्विक हील २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. तालुक्याच्या गावीही ओळखीच्या दुकानदाराकडून ती मिळते आणि अडचण आल्यास त्याला विचारता येते, ही सोय अनेक कुटुंबांसाठी चाचणीतल्या अर्ध्या टक्क्यापेक्षा मोलाची असते.

विश्वासाचा प्रश्न याहून मोठा आहे. अँटिव्हायरसला आपल्या प्रत्येक फाइलपर्यंत आणि विंडोजच्या गाभ्यापर्यंत प्रवेश असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. ते उत्पादन घरगुती नव्हते, परंतु असे सॉफ्टवेअर यंत्रात किती खोलवर बसलेले असते, ते त्यातून दिसले. मोफत अँटिव्हायरसचा खर्च कुठून निघतो, हेही विचारले पाहिजे. अवास्टने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्याच जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याचे उघड झाल्यावर २०२० मध्ये ती उपकंपनी बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या प्रकरणी अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आज नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावे जेन डिजिटल या एकाच समूहाची आहेत, म्हणजे त्यांच्यात तुलना करताना आपण एकाच मालकाची चार दुकाने फिरत असतो. कॅस्परस्की चाचण्यांत नेहमी उत्तम ठरते, परंतु ती रशियन कंपनी असल्याच्या कारणावरून अमेरिकेने २०२४ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. तिच्या तांत्रिक गुणवत्तेविषयी मला शंका नाही, मात्र हा निर्णय ज्याने त्याने विचारपूर्वक घ्यावा.

पॅकेजमधल्या व्हीपीएन, ‘रजिस्ट्री क्लीनर’ आणि ‘पीसी ट्यून-अप’ यांच्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ केल्याने संगणक वेगवान होत नाही, उलट कधीकधी चालणारे प्रोग्रॅम बंद पडतात. पहिल्या वर्षाची किंमत आणि नूतनीकरणाची किंमत यांत मोठा फरक असतो, तेव्हा दोन्ही विचारून घ्याव्यात. कार्डाने ऑनलाइन घेतल्यास ‘ऑटो-रिन्यूअल’ बंद करावे. १५ हजार रुपयांपर्यंतची अशी वसुली एकदा संमती दिल्यावर दर वेळी ओटीपी न मागता होते. बँक २४ तास आधी सूचना पाठवते, पण ती लक्षात न आल्याने पैसे गेल्याच्या तक्रारी मी पुष्कळ ऐकतो.

भाच्याला सांगा की दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत. प्रत्येक फाइल उघडताना दोघेही मध्ये पडतात, एकाने अडकवून ठेवलेली फाइल दुसऱ्याला संशयित वाटते, आणि लॅपटॉप हँग होऊ लागतो. दुसरा अँटिव्हायरस नोंदवला गेला की विंडोज डिफेंडरला आपण होऊन बाजूला सारते, त्यामुळे दुप्पट संरक्षण मुळात मिळतच नाही.

आपल्या लॅपटॉपवर मी हे काम पुढील क्रमाने केले असते. आधी एक बाह्य हार्ड डिस्क घेऊन फोटो, कागदपत्रे आणि शाळेच्या फाइल तिच्यावर उतरवल्या असत्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवली असती. ती कायम जोडलेली राहिली, तर खंडणीखोर प्रोग्रॅम तिलाही कुलूप लावतो. मग मुदत संपलेला अँटिव्हायरस त्याच कंपनीच्या काढून टाकण्याच्या साधनाने पूर्ण काढून, लॅपटॉप पुन्हा सुरू करून, विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर परत चालू झाल्याची खात्री केली असती. त्यानंतर एसएसडी आणि रॅम बसवून विंडोज ११ नव्याने टाकले असते. नव्याने टाकल्यास जुने छुपे प्रोग्रॅम बरोबर येत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. मग तीन वेगळी खाती, आणि ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मधील ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’. ही सोय मुळात बंद असते. ती चालू केली की अनोळखी प्रोग्रॅमला आपल्या डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये बदल करता येत नाही. एखादा जुना, खात्रीचा प्रोग्रॅम तिच्यामुळे अडला, तर तेवढ्यालाच परवानगी द्यावी, पूर्ण सोय बंद करू नये. शेवटी ‘आयकार’ची चाचणी फाइल उतरवून पाहिली असती. ६८ अक्षरांची ही निरुपद्रवी फाइल सर्व अँटिव्हायरस मुद्दाम व्हायरस म्हणून ओळखतात. ती उतरताच इशारा आला तर पहारा जागा आहे. इशारा आला नाही, तर पुन्हा एक्सक्लूजन्सची यादी पाहावी.

विंडोज ११ या यंत्रावर चढलेच नाही, तर घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहेत. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडल्यास पैसे पडत नाहीत, एरवी ३० डॉलर शुल्क आहे. ही नोंदणी ‘विंडोज अपडेट’च्या पानावरूनच करता येते. त्या तारखेनंतर मात्र हा लॅपटॉप वडिलांच्या बँकव्यवहारांसाठी वापरू नये. त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाकून तो अभ्यासाला आणि लिखाणाला ठेवता येईल, पण तसे करण्यापूर्वी मराठी टायपिंगसाठी पत्नी कोणते सॉफ्टवेअर वापरतात ते पाहून घ्यावे, कारण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर चालणाऱ्या शाळेच्या फाइल तिथे नीट उघडतील याची खात्री देता येत नाही.